घरामागचा काळा अक्रोड: टोमॅटो का मेले, फळं खायची कशी, लाकडाचं काय?

कोलंबसकर

नमस्कार मंडळी. मुक्काम कोलंबस, ओहायो. घरामागे साधारण सत्तर फूट उंच झाड आहे. छातीच्या उंचीला खोडाचा व्यास २२ इंच, पहिली मोठी फांदी नऊ फुटांवर. सप्टेंबर संपत आलाय आणि टेनिसच्या चेंडूएवढी हिरवी फळं धपाधप पडताहेत. साल काढली की आत काळी, खरबरीत, दगडासारखी कवची. शेजारी म्हणतात अक्रोड. पण दुकानातला अक्रोड असा नसतो.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. हे झाड नक्की कोणतं? खोडापासून वीस फुटांवरच्या वाफ्यात टोमॅटो, वांगी आणि मिरच्या जुलैत माना टाकून मेल्या, पण त्याच वाफ्यातल्या श्रावणघेवड्याला आणि कांद्याला काही झालं नाही, हे का? फळं खाता येतात का, आणि कवची फोडायची कशी? शेवटचं म्हणजे, 'या खोडाचे हजारो डॉलर येतील' असं दोघातिघांनी सांगितलंय. त्यात तथ्य किती?

पानगळ

वर्णनावरून काळा अक्रोड, म्हणजे जुग्लान्स नायग्रा. अमेरिकेच्या पूर्व भागातलं मूळचं झाड. आपण खातो तो जुग्लान्स रेजिया: इराण, मध्य आशिया, काश्मीर या पट्ट्यातला. वंश एक, जाती वेगळ्या. या वंशात एकूण वीसेक जाती आहेत, पण तुमच्या भागात गल्लत होते ती तीन-चार झाडांचीच. पानं गळायच्या आत तपासून घ्या.

एक अख्खं पान तोडा. देठाच्या दोन्ही बाजूंना मिळून १५ ते २३ पर्णिका (एकाच पानातली छोटी पानं), कडा बारीक दातेरी, आणि टोकाची पर्णिका नाहीच किंवा अगदी खुरटी असेल तर काळा अक्रोड. खायच्या अक्रोडाला ५ ते ९ मोठ्या पर्णिका असतात, कडा सरळ, आणि टोकाची सगळ्यांत मोठी. त्याची हिरवी साल पिकल्यावर आपोआप उकलते आणि फळ मोकळं पडतं. काळ्याची साल उकलत नाही, तशीच काळी पडून सडते.

खरी गल्लत बटरनटशी होते, त्याला पांढरा अक्रोडही म्हणतात. त्याचं फळ लांबट, लिंबासारखं आणि हाताला चिकट लागतं. पेन्सिलीएवढी डहाळी उभी चिरून पाहा. दोन्हींच्या गाभ्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखे कप्पे दिसतील, पण काळ्या अक्रोडाचे कप्पे फिकट बदामी आणि बटरनटचे गडद चॉकलेटी. पान जिथून गळतं तिथला व्रणही पाहा. काळ्याचा व्रण वरच्या बाजूला खाचेचा असतो, माकडाच्या तोंडासारखा. बटरनटच्या व्रणावर केसांची भुवई असते. बटरनट निघालं तर त्याला हात लावायच्या आधी राज्याच्या वनखात्याला कळवा. खोडावर व्रण पाडणाऱ्या बुरशीच्या कँकर रोगाने ही जात झपाट्याने कमी झालीय आणि निरोगी झाडं शोधून त्यांचं बी जपलं जातंय.

तिसरं सोंग 'ट्री ऑफ हेवन'चं. पानं लांबून तशीच दिसतात, पण प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एखाददुसरा जाड दात आणि त्यावर गाठीसारखी ग्रंथी असते, आणि चुरगळल्यावर घाण वास येतो. त्याला चेंडूसारखी फळं येत नाहीत, त्यामुळे तुमचा तो प्रश्न सुटलेला आहे.

दुकानातला अमेरिकन अक्रोड जवळजवळ सगळा कॅलिफोर्नियातला. तिथे रेजियाचं कलम बहुधा कॅलिफोर्नियाच्या स्थानिक काळ्या अक्रोडावर किंवा त्याच्या संकरावर बांधतात, कारण त्या मुळांचा दम जास्त. जुन्या बागेत खोडावर हा सांधा सरळ दिसतो. खाली काळपट, भेगाळलेली साल आणि वर एकदम गुळगुळीत राखाडी, जणू दोन वेगळी झाडं एकावर एक उभी केली आहेत.

वाफा नंबर चार

टोमॅटोचं उत्तर जग्लोन. मुळं, पानं, कळ्या, फळाची हिरवी साल या सगळ्यांत हायड्रोजग्लोन नावाचं बिनविषारी रूप असतं. हवा लागली की त्याचं जग्लोन होतं. ते दुसऱ्या झाडांच्या पेशींचं श्वसन अडवतं. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा हे सगळं एकाच कुळातलं आणि तेच कूळ सगळ्यांत नाजूक. सफरचंद, ब्लूबेरी, अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन हेही त्याच यादीत. घेवडा, मका, कांदा, लसूण, गाजर, बीट, भोपळावर्गीय वेल हे निभावून नेतात. तुमचा वाफा म्हणजे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण.

जग्लोन पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे जमिनीतून वाहत दूर जात नाही. त्याचा पल्ला मुळांइतकाच. पण मुळं फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर जातात. मोठ्या झाडासाठी खोडापासून ५० ते ६० फूट सोडायचे, असा साधा हिशेब आहे. वीस फुटांवर टोमॅटो लावणं म्हणजे मुळांच्या मधोमध लावणं. पाणी साचणाऱ्या चिकण जमिनीत त्रास जास्त टिकतो, कारण जग्लोन खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. निचरा सुधारा, शेणखत-कंपोस्ट घाला, फरक पडतो.

उंच वाफा करणार असाल तर तळाशी नुसतं कापड अंथरून भागत नाही. अक्रोडाची मुळं खालून वर ओल्या, भुसभुशीत मातीत शिरतात आणि दोनेक हंगामांत वाफा पुन्हा त्यांचाच होतो. जमिनीपासून सुटा, पायांवर उभा केलेला वाफा किंवा १५-२० लिटरच्या कुंड्या हा खात्रीचा मार्ग. कुंडी थेट मातीवर टेकवू नका, विटांवर ठेवा, नाहीतर तळाच्या भोकातून मुळं आत येतील. पडलेली पानं आणि सालं वाफ्यातून उचलत राहा.

पानांचं कंपोस्ट चालतं. ढीग नीट तापला आणि पालटला तर जग्लोन दोन ते चार आठवड्यांत मोडतं. लाकडाचा चुरा मात्र निदान सहा महिने कुजू द्या. भरवसा नसेल तर त्या कंपोस्टात टोमॅटोचं एक रोप लावून पाहा. ते तगलं की बाकीचं वापरा.

झाड तोडून प्रश्न सुटेल असं समजू नका. मुळं जमिनीत सडेपर्यंत काही वर्षं तेच राहतं.

पानगळ

वाफासाहेबांचं बरोबर आहे, पण थोडी मेख मारतो. जग्लोनला दोषी ठरवणारे बरेचसे प्रयोग प्रयोगशाळेत झालेत, शुद्ध जग्लोनचं द्रावण किंवा अर्क रोपांवर ओतून. जमिनीत जिवाणू ते खात असतात, त्यामुळे बागेत त्याचा नेमका वाटा किती हे तितकं स्पष्ट नाही. सत्तर फुटी झाडाची सावली आणि जुलैत ते उपसतं ते पाणी हेही टोमॅटोला पुरेसं मारक आहे. शिवाय फ्युझॅरियम आणि व्हर्टिसिलियम या बुरशींनी येणारी मर अगदी अशीच दिसते: दुपारी पानं मलूल होतात, पाणी घातलं तरी उभी राहत नाहीत.

ओळखायचं असेल तर पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात, रोपाच्या नावापुढे 'व्ही' आणि 'एफ' ही अक्षरं असलेल्या मर-प्रतिकारक जातीची दोन रोपं लावा. तीही गेली तर झाडाकडे बोट दाखवा. आणि त्या जागेवर ऊन किती तास पडतं ते आधी मोजा. सहा तासांहून कमी असेल तर जग्लोन असो-नसो, टोमॅटो तिथे नकोच.

उखळ मुसळ

आता फळं. खाता येतात आणि ज्याला आवडतात त्याला दुकानातला अक्रोड मग सपक लागतो. चव उग्र, थोडी आंबूस-मातकट, तोंडात रेंगाळणारी. बंगल्यात पाहुणा आला की आधी कुरकुरत मग पुरता राहायलाच येतो, तशी. आइस्क्रीम आणि केकमध्ये मूठभर पुरतात. गरात प्रथिनं सुमारे २४ टक्के असतात, दुकानातल्या अक्रोडात १५ टक्के. तेल थोडं कमी.

बहुतेक लोक बिघडवतात ते पहिल्याच पायरीला. फळ पडल्यावर साल काळी होईपर्यंत अंगणात राहू देतात. सडणाऱ्या सालीतला रस कवचीतून आत झिरपतो, गर काळा पडतो आणि कडू होतो. हिरव्या सालीवर अंगठा दाबला की खळगा राहतो, ही योग्य वेळ. रोज संध्याकाळी वेचायचं आणि दोन-तीन दिवसांत सोलायचं. सालीत पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या सालीवरच्या माशीच्या अळ्या असतात, गरात जात नाहीत, फक्त सोलायची घाई करा.

सोलायला जाड नायट्राइलचे हातमोजे घाला, साधे पातळ लॅटेक्सचे फाटतात. डाग कातडीवर आठवडे टिकतो आणि साबणाने जात नाही. थोडी फळं असतील तर जुन्या बुटाने टाच दाबून फिरवायची, साल निसटते. बादल्या भरून असतील तर खडीच्या वाटेवर पसरून गाडी हळू पुढेमागे न्यायची. कवची मोडत नाही, इतकी टणक असते. काँक्रीटच्या ड्राइव्हवेवर हे करू नका, तो डाग कायमचा. सिमेंट कालवायचं छोटं यंत्र भाड्याने मिळत असेल तर त्यात फळं, थोडी खडी आणि पाणी घालून फिरवा, सोलणं-धुणं एकदमच होतं.

सोललेली फळं बादलीत पाणी भरून ढवळा. तरंगतात ती काढून टाका, त्यांच्यात गर भरलेला नसतो किंवा किडलेला असतो. पाणी काळं यायचं थांबेपर्यंत दोन-तीनदा बदला. ते पाणी भाजीच्या वाफ्यात ओतू नका, कारण वर वाचलंतच.

मग वाळवणं. तारेच्या जाळीवर किंवा कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत, दोन-तीन फळांहून जाड थर नको. सावलीत, वाऱ्यावर, खारींपासून लांब. दोन ते तीन आठवडे. एक फोडून गर वाकवून पाहा. लवचिक असेल तर आणखी थांबा, कट्कन मोडला तर झालं. उन्हात किंवा गरम भट्टीजवळ घाई केली तर तेल खवट होतं.

फोडणं हे खरं काम. साधा अडकित्ता मोडेल, फळ नाही. त्याआधी भिजवा: वाळलेली फळं नळाच्या गरम पाण्यात २४ तास, पाणी काढून पुन्हा गरम पाण्यात २ तास, मग ओल्या फडक्यात झाकून ठेवा आणि लागतील तशी काढा. कवचीला काही होत नाही, पण आतला गर ओल्याने लवचिक होतो आणि चुरा न होता मोठे तुकडे निघतात. सुताराच्या शिकंज्यात फळ लांबीला धरा, टोकं दोन जबड्यांवर, आणि हळूहळू आवळा. पहिला 'कट' आवाज आला की थांबा, फिरवून पुन्हा आवळा. हातोडीने करायचं तर लाकडात खळगा करून त्यात टोक वर करून उभं करा आणि टोकावर मारा. आडवं ठेवून मारलं तर गर आणि कवची यांची एकच चटणी होते. डोळ्यांवर चष्मा हवाच, कवचीचे तुकडे गोळीसारखे उडतात.

उरलेल्या कप्प्यांत अडकलेला गर वायर कापायच्या बारीक पकडीने कवचीची कड कापून काढा. सुईने उकरत बसू नका. निघालेला गर दोनदा निवडा, एकदा डोळ्यांनी आणि एकदा ताटात बोटांनी चाचपून. राहिलेला कवचीचा बारीक तुकडा दात मोडतो. भिजवलेला गर एक दिवस पसरून पुन्हा सुकवा, मगच डब्यात भरा. ओला भरला तर आठवड्यात बुरशी. फ्रिजमध्ये काही महिने, फ्रीझरमध्ये हवाबंद पिशवीत वर्षभर सहज.

रानटी झाडाच्या वाळलेल्या १० किलो फळांतून फार तर २ ते अडीच किलो गर, तेही सगळं नीट निघालं तर. आणि हे झाड एक वर्ष भरभरून, पुढचं वर्ष रिकामं असं चालतं. यंदा खूप आली म्हणून दरवर्षी येतील असं धरू नका.

इतकी मेहनत नको असेल तर मिझुरीतल्या स्टॉक्टनची हॅमन्स कंपनी मिडवेस्टमधल्या गावांत ऑक्टोबरात सोलणी केंद्रं चालवते. फळं आहेत तशी नेऊन द्या, सोलून वजनावर पैसे मिळतात. कवचीसुद्धा वाया जात नाही. तिची भरड करून धातूचे भाग घासून साफ करायला वापरतात, वाळूपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत.

मंजिष्ठा

सालं फेकू नका! लोकरीवर आणि रेशमावर तुरटीशिवाय, कसलाही आधार न देता पक्का तपकिरी देणारे रंग फार थोडे, त्यांतला हा एक.

अर्धा किलो लोकरीला एक किलो ताजी हिरवी सालं. काळी पडलेली चालतात, रंग उलट गडद येतो. पाण्यात तीन दिवस भिजवा, मग तासभर मंद उकळा आणि जाड फडक्यातून गाळा. न गाळता लोकर घातली तर सालाचे तंतू तिच्यात अडकतात आणि ठिपके पडतात. लोकर आधी कोमट पाण्यात पूर्ण भिजवून घ्या. रंगाचं पाणी ८० ते ८५ अंश सेल्सिअसवर तासभर, उकळी नको, ढवळाढवळही नको, नाहीतर लोकरीचा नमदा होईल. आच बंद करून रात्रभर त्यातच निवू द्या. सकाळी धुवा, तांबूस-चॉकलेटी येतो. आणखी काळपट हवा तर शेवटी हिराकस (लोखंडाचा क्षार), लोकरीच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे इथे १० ग्रॅम. जास्त घातली तर लोकर ठिसूळ होते.

सुतावर नुसत्या सालीचा रंग फिका बसतो. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून, मग तुरटी देऊन रंगवा, बराच फरक पडतो. हिरडा इंडियन ग्रोसरीत चूर्ण म्हणून मिळतोच. भांडी स्वयंपाकाची वापरू नका.

शाईही होते. गाळलेलं पाणी चौथाईपर्यंत आटवा, वाटीभर शाईला पाव चमचा बाभळीचा डिंक, बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन थेंब. बोरूने किंवा टाकाने लिहा. फाउंटन पेनात भरू नका, गाळ बसून पेन जाम होतं. बाजारात 'वॉलनट इंक' म्हणून जे खडे मिळतात ते बहुतेक अक्रोडाचे नसतातच, पीट कोळशापासून केलेले असतात.

सुतारपक्षी

'हजारो डॉलर' ही अफवा प्रत्येक अक्रोडवाल्या घरात असते. आकडे मांडू.

इथे ओंडके डॉयल मापाने मोजतात. बारीक टोकाचा, सालीखालचा व्यास इंचात घ्या, त्यातून ४ वजा करा, ४ ने भागा, वर्ग करा, ओंडक्याच्या फुटांतल्या लांबीने गुणा. उत्तर बोर्ड फुटांत (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब-रुंद, एक इंच जाड फळी). तुमचं खोड छातीच्या उंचीला २२ इंच, म्हणजे आठ फुटांवर सालीशिवाय समजा १८. १८ वजा ४ म्हणजे १४, भागिले ४ म्हणजे साडेतीन, वर्ग १२.२५, गुणिले ८: ९८ बोर्ड फूट. याच मापाने १२ इंची ओंडका फक्त ३२ देतो. म्हणून बारीक झाडाला कुणी विचारत नाही.

तुमचा एकच ओंडका. पहिली फांदी नवव्या फुटावर, त्याच्यावर सगळ्या गाठी. व्हिनियरवाल्यांना (लाकडाचे पातळ पापुद्रे काढणाऱ्यांना) लांब, सरळ, निर्गाठी खोड लागतं आणि ते जंगलात दाटीने वाढलेल्या झाडाचं असतं. अंगणातलं झाड मोकळं वाढतं, फांद्या खालून सुटतात. आणि अंगणातल्या खोडात खिळे, कपड्यांच्या दोरीचे आकडे, तारा हमखास सापडतात. लोखंडाभोवती अक्रोडाचं टॅनिन निळं-काळं होतं, तोडल्यावर टोकावर असा डाग दिसला की गिरणीवाला ओंडका परत पाठवतो. घराजवळचं झाड उतरवायचा खर्च बहुतेक वेळा लाकडाच्या किमतीहून जास्त होतो. झाड निरोगी असेल तर उभंच ठेवा.

वादळात पडलं किंवा तोडावंच लागलं तर फिरती बँड करवत घेऊन येणारा माणूस बोलवा आणि फळ्या घरच्यासाठी पाडा. आधी धातुशोधकाने खोड तपासा, नाहीतर पात्याचे पैसे तुमच्या माथी. ज्या दिवशी तोडाल त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेणाचा लेप द्या. दुसऱ्या दिवसापासून टोकं तडकायला लागतात आणि तडा फूटभर आत जातो. एक इंची फळी हवी तर ओली सव्वा इंच पाडा.

रचताना खाली सपाट पाया, जमिनीपासून फूटभर वर. फळ्यांच्या मधे पाऊण ते एक इंचाच्या सुक्या पट्ट्या, दीड फुटावर एक, आणि सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत. पट्टी इकडे-तिकडे सरकली तर तिथेच फळीला बाक येतो. ओल्या पट्ट्या वापरल्या तर त्यांचे काळे पट्टे लाकडात उतरतात आणि रंध्याने जात नाहीत. वर पत्रा, त्यावर वजन, बाजू मोकळ्या. एक इंच जाडीला एक वर्ष असा ढोबळ हिशेब. ओहायोत मोकळ्या शेडमध्ये ओलावा १२ ते १५ टक्क्यांवर थांबतो. हिवाळ्यात हीटर लागलेल्या घरात फर्निचर ठेवायचं तर भट्टीत ६ ते ८ टक्क्यांवर आणावंच लागतं. भट्टीत शेवटी लाकडाच्या आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअस अर्धा तास राहिलं तर किडाही मरतो. काठाच्या पांढऱ्या लाकडाला भुसा पाडणारे किडे लागतात, गाभ्याला नाही.

लाकूड म्हणून हे फार समजूतदार. वजन घनमीटरला साधारण ६१० किलो, वाळताना आकसतं कमी, रंधा छान चालतो. दुकानातलं बरंच लाकूड वाफवलेलं असतं. वाफेने पांढरा काठ गडद होतो, पण गाभ्यातली जांभळी-लाल छटा मरते. घरच्या हवेवर वाळवलेल्या फळीत ती टिकते. आणखी एक, बहुतेक लाकडं उन्हाने काळवंडतात, अक्रोड वर्षागणिक फिकट होतो. खिडकीजवळच्या टेबलावर फुलदाणी कायम एकाच जागी ठेवू नका, खाली गडद गोल राहतो.

काश्मिरी कोरीवकामाचं लाकूड रेजियाचं, याहून फिकट, राखाडी झाक असलेलं. तिथे खोडापेक्षा मुळाचं लाकूड जास्त मोलाचं, कारण ते गडद आणि नक्षीदार. पण तिथे अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६९ चा कायदा आहे. पुण्या-मुंबईत 'वॉलनट' नावावर काय काय खपतं हा वेगळाच विषय. ईस्ट इंडियन वॉलनट म्हणजे आपला शिरीष, ब्राझिलियन वॉलनट म्हणजे इपे, आफ्रिकन वॉलनट महोगनीच्या कुळातला. लाकडं चांगली आहेत, फक्त अक्रोड नाहीत.

ताजा भुसा कुणा घोडेवाल्याला देऊ नका. तबेल्यात अंथरलेल्या भुशात काळा अक्रोड २० टक्के असला तरी घोड्याला दिवसाच्या आत खुरांची सूज येते. आणि साल असलेलं लाकूड राज्याबाहेर न्यायच्या आधी कृषी खात्याचे नियम बघा. बारीक भुंग्यामुळे पसरणारा 'थाउजंड कँकर्स' रोग २०१० मध्ये टेनेसीत सापडल्यापासून अनेक राज्यांनी बंदी घातली होती.

साताराकर

मस्त चर्चा. यातल्या दोन-चार बिया आणून महाबळेश्वर-पाचगणीला लावल्या तर? थंडी असते तिकडे.

पानगळ

थंडी असते, पण अक्रोडाला लागते तशी नाही. खायच्या अक्रोडाच्या जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखाली शेकडो तास लागतात, काहींना हजाराच्या पुढे. तेवढे मिळाले नाहीत तर कळ्या अर्धवट, वेगवेगळ्या वेळी फुटतात. नराचे लोंबते तुरे आणि मादीची फुलं आधीच एका झाडावर एकाच वेळी उमलत नाहीत, थंडी कमी पडली की चुकामूक आणखी वाढते. महाबळेश्वरचा हिवाळा तेवढा खाली क्वचितच जातो, आणि जूनपासून चार महिने मुळं पाण्यात. झाड वाढेल, फळ धरणार नाही, आणि बुंध्याशी सडण्याचा धोका राहील. भारतातला जवळजवळ सगळा अक्रोड जम्मू-काश्मीरचा, उरलेला हिमाचल, उत्तराखंड, अरुणाचलकडचा, हे उगाच नाही.

बिया सामानात टाकून आणूच नका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, विमानतळावर जप्त होतील.

कोकणात कुणी 'आमच्याकडे अक्रोडाचं झाड आहे' म्हणालं तर ते बहुधा रान अक्रोड, एरंडाच्या कुळातलं. पानांवर पिठूळ पांढरट लव, बी गोल आणि तेलकट. त्याचं तेल पूर्वी दिव्याला जळे. कच्चं बी खाल्लं तर जोरात उलट्या-जुलाब होतात. मुलांना सांगून ठेवा.

कोलंबसकर

सगळ्यांचे आभार. पानं मोजली: १९ पर्णिका, टोकाची नाही, डहाळीचे कप्पे बदामी. काळाच. दोन शंका राहिल्या. गवत कापायचं यंत्र फळांवरून न्यावं का? आणि आमचा कुत्रा पडलेली फळं चघळत बसतो.

उखळ मुसळ

यंत्र न्यायचं नाही. पातं मोडतं किंवा फळ खिडकीच्या काचेवर जातं. आधी वेचा, चाकाचा जाळीदार वेचक मिळतो, वाकावं लागत नाही.

कुत्र्याला ताबडतोब आवरा. ताज्या फळाने पोट बिघडतं. पण ओल्यात पडून बुरशी आलेल्या काळ्या सालीत पेनिट्रेम नावाचं विष तयार होतं, त्याने कुत्र्याला काही तासांत कंप सुटतो, मग झटके येतात. असं दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट पशुवैद्याकडे न्या, आणि सालीचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्या. सोललेल्या सालांचा ढीगही उघडा ठेवू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा किंवा मंजिष्ठाताईंच्या कढईत जाऊ द्या.